टाकीत आहे, पण पंपाच्या तोंडाशी आहे का?

बापू,

तू गाडी घेऊन बुद्ध सर्किटला चाललास, असं ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. अमरावतीचा पोट्टा ग्रेटर नोएडाच्या त्या पाच किलोमीटरच्या ट्रॅकवर गाडी घालतो, ही लहान गोष्ट नाही. टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, हेल्मेट याबद्दल तिथले लोक तुला सांगतीलच, म्हणून त्यात मी पडत नाही. मी एकाच गोष्टीचं सांगणार आहे, कारण नवीन माणसाचं तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. ती म्हणजे भर वळणात इंजिनाला पेट्रोल पुरणं.

काटा पाव-अर्धी टाकी दाखवत असतो, आणि तरीही इंजिन उपाशी राहतं. आमच्या अकोल्याच्या गॅरेजात उस्तादांचं एक वाक्य होतं: "गाडी काहून बंद पडली थे मंग पाय, आधी पंपाच्या तोंडाशी तेल हाय का थे पाय." त्यांनी हे फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर पाहून सांगितलं होतं. तुझ्या गाडीत संगणक आहे, टर्बो आहे, टाकीत बुडालेला विजेचा पंप आहे. पण हे वाक्य तिलाही जसंच्या तसं लागू पडतं.

पंगतीत वरणाची बादली घेऊन पळणारा पोरगा झटकन वळला की वरण बाहेरच्या काठावर चढतं. टाकीतही तेच होतं. उजवीकडे वळलास की पेट्रोल डावीकडे चढतं, डावीकडे वळलास की उजवीकडे, ब्रेक मारलास की पुढे, अ‍ॅक्सिलरेटर दाबलास की मागे. किती चढतं याचा हिशेबही सोपा आहे. गाडी अर्धा जी इतका बाजूचा जोर खात असेल तर पेट्रोलची पातळी सुमारे 27 अंश कलते. पूर्ण एक जी असेल तर 45 अंश. गावात आणि महामार्गावर आपण अर्ध्या जीपर्यंतही क्वचितच पोचतो, आणि पोचलो तरी क्षणभरच. चांगल्या टायरवरची स्पोर्ट्स कार ट्रॅकवर एक जीच्या जवळ जाते आणि लांब वळणात कितीतरी सेकंद तिथेच राहते. 45 अंशांत कललेलं पेट्रोल डोळ्यांसमोर आण. टाकी कमी भरलेली असेल तर पंपाच्या कोपऱ्यात त्या वेळी नुसती वाफ असते.

कंपन्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. पंप उघडा टाकत नाहीत, प्लास्टिकच्या एका डब्यात बसवतात. पंपाने उचललेल्या पेट्रोलपैकी थोडं बारीक छिद्रातून जोरात सोडतात आणि त्या ओढीने टाकीतलं पेट्रोल डब्यात खेचलं जातं. याला जेट पंप म्हणतात. डबा भरलेला राहिला की टाकी कलली तरी पंपाचं तोंड बुडालेलं राहतं. रोजच्या रस्त्याला ही सोय पुरून उरते. ट्रॅकवर मात्र एकामागून एक वळणं येतात. एका वळणात डब्याबाहेरचं पेट्रोल पळून जातं, जेट पंपालाच ओढायला काही राहत नाही, डब्यातलं पेट्रोलही कलून काठावरून सांडतं, आणि डबा पुन्हा भरायच्या आत पुढचं वळण येतं. म्हणून पहिल्या वळणात काही होत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या वळणात गाडी अडते. पोरं यालाच फसतात. म्हणतात, मघाशी त्याच वेगात त्याच वळणातून नीट निघाली होती.

तुझी गाडी मागच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे आणखी एक गोष्ट आहे. मधून प्रोपेलर शाफ्ट जायला जागा हवी म्हणून अशा बऱ्याच गाड्यांत टाकी दोन कप्प्यांची असते आणि मधला भाग उंच असतो. याला सॅडल टँक म्हणतात. मुख्य पंप एकाच कप्प्यात असतो आणि दुसऱ्या कप्प्यातलं पेट्रोल जेट पंपाने अलीकडे आणलं जातं. समज, पंप उजव्या कप्प्यात आहे. लांब उजव्या वळणात पेट्रोल मधला उंचवटा ओलांडून डाव्या कप्प्यात जातं, आणि ते परत आणायला वेळ लागतो. डाव्या वळणात याच गाडीला काहीच त्रास होत नाही. म्हणून निघण्याआधी मागची सीट उचलून झाकणं बघ आणि मुख्य पंप कोणत्या बाजूला आहे ते सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून घे. बुद्ध सर्किट घड्याळाच्या दिशेने चालवतात. तिथे दहाव्या वळणापासून एक लांब उजवा भाग सुरू होतो, त्यात गाडी बराच वेळ एकाच बाजूला कललेली राहते. तुझा पंप उजवीकडे निघाला तर तो भाग आधीच ध्यानात ठेव.

हे फक्त ट्रॅकवरच होतं असं समजू नको. चिखलदऱ्याला जाणाऱ्या जुन्या ड्रायव्हर लोकांचा नेम होता की परतवाड्याला टाकी भरायची आणि मगच घाट चढायचा. रिझर्व्हवर आलेली गाडी तीव्र चढाच्या वळणावर मान टाकायची. सपाटीवर ढकलून आणली की पुन्हा सुरू व्हायची. लोक म्हणायचे, घाट लागला. लागलेलं काही नसायचं. टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल मागच्या कोपऱ्यात गेलेलं असायचं आणि नळीचं तोंड पुढे कोरडं राहायचं.

कार्बोरेटरच्या गाड्यांचं दुखणं थोडं वेगळं होतं. तिथे कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट असतो. जोराच्या वळणात वाटीतलं पेट्रोल एका बाजूला चढलं की जेट उघडा पडतो, किंवा फ्लोट चुकीचा दबून पेट्रोल जास्त येतं. आपल्याकडे एस. करिवर्धन यांनी मारुती 800 च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती गाड्या घडवल्या. नारायण कार्तिकेयनने त्याच गाड्यांत सुरुवात केली आणि कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा. ती सगळी पिढी फ्लोटची उंची मिलिमीटरात मोजत मोठी झाली. आणि त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात, स्पिटफायर आणि हरिकेन विमानांची मर्लिन इंजिनं नाक एकदम खाली केलं की दम तोडायची. जर्मन मेसरश्मिटला इंजेक्शन होतं, त्याला हा त्रास नव्हता, तो सूर मारून निसटायचा. 1941 च्या सुरुवातीला बीट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईने पेट्रोलच्या लाइनमध्ये बसणारी, बरोबर मापाच्या छिद्राची एक छोटी चकती बनवली आणि स्वतः विमानतळावर विमानतळ हिंडून ती बसवून दिली. या बाईने ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटारसायकल ताशी 100 मैलांच्या वर पळवलेली होती. यंत्र कललं की आतलं पेट्रोल कुठे जातं, हे चालवून पाहिलेल्या माणसाला लवकर कळतं. म्हणून तू चालव, पण चालवताना हे मनात असू दे.

आता खऱ्या कामाचं बोलतो. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्का उपाय म्हणजे टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ न देणं.

पोरं वजन कमी करायला टाकी रिकामी ठेवून ट्रॅकवर उतरतात. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलोचं भरतं. 15 लिटर कमी भरून तू साधारण 11 किलो वाचवशील. तेवढं वजन स्टेपनी आणि जॅक काढून ठेवलास तरी वाचतं, आणि त्याने इंजिन उपाशी राहत नाही. ट्रॅकवर पेट्रोल किती लागतं याचाही अंदाज धर. रस्त्यावर 12 चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी तिथे साडेतीन-चारवर येते. 20 मिनिटांच्या एका सेशनमध्ये साधारण 37 किलोमीटर झाले, तर साडेदहा लिटरच्या आसपास गेलेच समज. 50 लिटरची टाकी असेल तर पाऊण टाकीने उतरलास की अर्ध्याच्या थोडं वर परत येशील. मग दुसऱ्या सेशनआधी पुन्हा भर. काटा दोन सेशन पुरेल असं दाखवत असला तरी भर. ट्रॅकजवळ पेट्रोल कुठे मिळतं, आत कॅन नेऊ देतात का, हे निघण्याआधी विचारून ठेव. कॅन नेलास तर तो पेट्रोलसाठीच बनवलेला हवा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीच नको.

गळ्यापर्यंतही भरू नको. नोझल एकदा आपोआप बंद झालं की थांबायचं. पेट्रोल तापलं की फुगतं. 50 लिटरला 20 अंश वाढले तर जवळजवळ एक लिटर जास्त होतं. वरची जागा ठेवलीच नाही तर पातळ पेट्रोल वाफेच्या कॅनिस्टरमध्ये शिरतं, मग कोळसा भिजतो आणि गाडी वेगळ्याच कारणाने झटके खाते. आणखी एक. पेट्रोल पंपावर टँकर रिकामा होत असेल तर तिथे भरू नको, पुढच्या पंपावर जा. गायगावच्या डेपोतून निघालेलं पेट्रोल चांगलंच असतं, पण टँकर खाली होताना जमिनीखालच्या टाकीचा तळ ढवळला जातो. आमच्या गॅरेजात हा नियम कडक होता आणि आजही मी तो पाळतो.

उपासमार ओळखायची कशी? वळणाच्या मध्यावर काही कळत नाही. पंपाने वळणात हवा गिळलेली असते, पण रेलमध्ये आणि नळीत थोडं पेट्रोल शिल्लक असतं. तू स्टिअरिंग सरळ करून अ‍ॅक्सिलरेटर दाबतोस, त्याच वेळी ते संपतं. म्हणून गाडी वळणातून बाहेर पडताना खोकते. एक-दोन सेकंद दम गेल्यासारखं होतं आणि मग एकदम पिकअप येतो. प्लग किंवा कॉइल मिसिंग मारत असेल तर ते सरळ रस्त्यावरही जोर देताना मारतं, वळणाची वाट पाहत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापत असेल तर डॅशबोर्डवर दिवा लुकलुकतो. उपासमारीचा दिवा नसतो. खरी खूण ही की तोच त्रास त्याच दिशेच्या वळणानंतर येतो, आणि टाकी भरली की नाहीसा होतो.

साधा स्कॅनर पंपापासून रेलपर्यंतचा दाब दाखवत असेल तर तो नोंदवून घे. साध्या इंजेक्शनच्या गाडीत तो साधारण 3 ते 4 बार असतो. थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन असेल तर खालच्या पंपाचा दाब वेगळा आणि वरच्या पंपाचा शंभराच्या वर, तेव्हा कोणता आकडा वाचतोस ते नीट बघ. वळणानंतर हा आकडा घसरून पुन्हा वर आलेला दिसला की दुसरा पुरावा लागत नाही.

हे गंभीर आहे, कारण तुझी गाडी टर्बोची. पेट्रोल कमी आणि हवा पूर्ण असं मिश्रण जोरात जळलं की सिलिंडरमधली उष्णता वाढते, इंजिन नॉक करतं, आणि पिस्टनचा काठ वितळायला फार वेळ लागत नाही. काठाला डोंगळ्याने कुरतडल्यासारखे खड्डे पडलेले पिस्टन माझ्या टेबलावर बरेच येऊन गेले. म्हणून खोकल्याचा पहिला झटका आला की अ‍ॅक्सिलरेटर लगेच सोड. आणखी दाबून बाहेर काढू, हा विचारच नको. इंजिन बंद करू नको, नाहीतर पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकचा बूस्टर दोन्ही जातील. हात वर करून मागच्यांना खूण दे, रेसिंग लाइन सोड, हळूहळू पिटमध्ये ये. त्या सेशनला तिथेच राम राम. आणि पंपाचाही विचार कर. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. त्याला वारंवार हवा गिळायला लावलीस तर तो जळतो, मग घरी परतताना मध्य प्रदेशातल्या कुठल्यातरी ढाब्यापाशी गाडी उभी राहते.

टाकी भरलेली असूनही त्रास होत असेल तर पंपाला नावं ठेवण्याआधी क्रमाने तपास. सगळ्यात आधी टाकीचं झाकण. त्याचा हवेचा मार्ग बुजला की पेट्रोल संपेल तशी आत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढ जड जाते. 15-20 मिनिटांनी गाडी अडते, झाकण उघडलं की हुश्श आवाज येतो, आणि लगेच सगळं ठीक. आपल्याकडच्या जुन्या मोटारसायकलींना हेच होतं, आणि दहा मिस्तरींपैकी नऊ आधी कार्बोरेटर खोलतात. त्यानंतर पंपाच्या तोंडाची जाळी. जुन्या गाडीत ती काळ्या चिखलासारख्या थराने भरलेली असते. मग फिल्टर. मग पंपाला मिळणारी वीज. व्होल्टमीटर बॅटरीवर लावून काही कळत नाही, पंपाच्या अगदी जोडणीवर, इंजिन चालू असताना लाव. बॅटरीवर 14 आणि पंपावर 12 दिसले तर अर्थिंग किंवा रिलेचा संपर्क खराब आहे, पंपाचा त्यात दोष नाही. अर्थिंगची जागा सँडपेपरने चमकेपर्यंत घासून बोल्ट आवळला की निम्मे पंप बदलायची वेळच येत नाही.

शेवटी पंप किती देतो ते माप. 150 बीएचपीचं इंजिन पूर्ण जोरात असताना तासाला साधारण 45 ते 50 लिटर पितं. म्हणजे अर्ध्या मिनिटात 400 मिलिलिटरच्या आसपास. कामाच्या दाबावर, मापाच्या भांड्यात, पंपाने अर्ध्या मिनिटात याहून तिसरा हिस्सा तरी जास्त दिलं पाहिजे. हे मोकळ्या जागेत कर, अग्निशामक हाताशी ठेवून, बॅटरीची वायर आधीच लांबून जोडून. गॅरेजमध्ये कुणाची बिडी पेटलेली असेल तर त्या दिवशी ते काम नाही.

आता पेट्रोलही बदललं आहे, ते ध्यानात घे. सध्या 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला 14.7 भाग हवा लागते, या मिश्रणाच्या एका भागाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी पंपाने जास्त पेट्रोल द्यायला हवं. जो पंप जुन्या पेट्रोलवर कसाबसा पुरत होता, तो यावर कमी पडू शकतो. इथेनॉल पाणीही धरतं. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने थोड्या पेट्रोलवर उभी ठेवलीस तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंपाचं तोंड तळाशीच असतं. उभी ठेवायची तर टाकी भरून ठेव आणि ट्रॅकच्या आदल्या आठवड्यात ते पेट्रोल वापरून ताजं भर.

उन्हाची गोष्ट वेगळी सांगायला नको, तू अकोल्याच्या मे महिन्यात खेळलेला आहेस. 45-46 अंशांत फियाटचा इंजिनाला चिकटलेला पंप इतका तापायचा की आत पेट्रोलची वाफ व्हायची आणि तो नुसती वाफ ढकलत बसायचा. मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, कुरणखेड, कुठेही रस्त्याच्या कडेला बोनेट उघडं टाकून पंपावर ओलं फडकं ठेवलेली गाडी दिसायची. फडक्यातून आधी सूं आवाज यायचा, मग थेंब टपकायचे. पंपाला हात लावता आला की गाडी सुरू व्हायची. तुझा पंप टाकीत बुडालेला, दाब जास्त, म्हणून वाफेचा त्रास कमी. पण टाकीत पेट्रोल कमी आणि गरम असेल तर पंपाच्या तोंडाशी ओढ लागते तिथे वाफ व्हायला वेळ लागत नाही. अर्धी टाकी भरलेली ठेवायचं हेही एक कारण. सेशन संपलं की सावलीत उभी कर.

एवढं करूनही अर्ध्या टाकीवर गाडी अडायला लागली, तर मग सर्ज टँकचा विचार करायचा. दीड-दोन लिटरची एक उभी, अरुंद टाकी. मोठ्या टाकीतला पंप तिला सतत भरत राहतो, तिच्या तळातून जोराचा पंप इंजिनाला पेट्रोल देतो. इंजिनाकडून परत येणारं पेट्रोल याच छोट्या टाकीत यायचं आणि तिच्या अगदी वरच्या नळीतून जास्तीचं पेट्रोल आणि हवा मोठ्या टाकीत जायची. ही वरची नळी खाली लावली तर सगळी मेहनत वाया. टाकी डिकीत बसवली तर प्रवाशांपासून धातूच्या पत्र्याने वेगळी हवी, वाफेची वाट बाहेर हवी. टाकीच्या आत बुडणारा होज आतल्यासाठीच बनवलेला घ्यायचा. बाहेरचा साधा इंजेक्शन होज पेट्रोलमध्ये बुडून राहिला की फुगतो, कुजतो, त्याचे कण जाळीत अडकतात. स्पंज फोम भरायचा विचार असेल तर तो इथेनॉल सोसणारा आहे का ते विकणाऱ्याकडून लेखी घे. फोम विरघळला की तो जाळीतच येऊन बसतो. आणि रिकाम्या टाकीला वेल्डिंग, कधीही, कोणीही म्हणाला तरी नाही. रिकामी टाकी म्हणजे वाफेने भरलेली टाकी, आणि वाफच पेट घेते. टाकीच्या कामाला टाकीचाच कारागीर गाठायचा, कितीही लांब जावं लागलं तरी.

तुझ्या कॉलेजमधली पोरं फॉर्म्युला भारत स्पर्धेची गाडी बनवतात ना, त्यांनाही हे ऐकव. त्यांची टाकी पाच-सहा लिटरची, स्किडपॅडच्या आठाच्या आकड्यात गाडी आधी उजवीकडे गोल फिरते, मग डावीकडे. आतल्या वर्तुळाचा व्यास 15.25 मीटर, त्यामुळे कल फार असतो. तपासणीत 60 अंश कलवून पेट्रोल गळत नाही हे बघतात. पण गळलं नाही म्हणजे पंपाला मिळालं, असं होत नाही. टाकीत दोन उभ्या जाळ्या आणि पंपाभोवती एका बाजूने उघडणारी झडप त्यांनी टाकावी. आणि गाडी फिरवण्याआधी टाकी हाताने कलवून, पारदर्शक नळी लावून, पंप हवा ओढतो का ते बघावं. हे काम टेबलावर होतं, त्याला ट्रॅक लागत नाही.

एक गोष्ट मात्र मी आर्जवाने सांगतो. गाडी तपासायला अमरावती-अकोला रस्त्यावर पळवू नको. 2022 च्या जूनमध्ये त्या रस्त्यावर एका लेनचा 75 किलोमीटरचा पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीजमध्ये नोंद झाली, रस्ता खरंच चांगला आहे. पण त्यावर कापसाचे ट्रक आहेत, ट्रॅक्टर आहेत, संध्याकाळी गावाकडे परतणारी माणसं आहेत. शिवाय वळणच नाही तर तू तपासणार तरी काय? वळणातली उपासमार सरळ रस्त्यावर दिसतच नाही. विम्याचीही पॉलिसी काढून वाच. साध्या खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, म्हणजे ट्रॅकवरचं नुकसान तुझ्याच खिशातून.

बुद्धला पहिल्या दिवशी एक छोटी वही बरोबर ठेव. प्रत्येक सेशनला उतरताना काटा कुठे होता, परतताना कुठे आला, किती लिटर भरलेस, खोकली असेल तर कोणत्या वळणानंतर, कोणत्या गिअरमध्ये, उजव्या की डाव्या, एवढंच लिही. त्या वहीवरूनच सर्ज टँक लागतो की नुसती पाऊण टाकी पुरते, ते कळेल. दिवाळीला अकोल्याला येशील तेव्हा ती घेऊन ये. तोवर सर्ज टँकसाठी एकही पाना लावू नको आणि एक पैसाही खर्च करू नको.

तुझा मामा